पुसलेला मेसेज

फादरांनी दुपारी व्हॉट्सॲपवर यादी धाडली आणि माझं वाचून होतंय तोवर पुसूनही टाकली. ना फोन, ना ‘चुकून आलं’. धर्मगुरूंच्या बदल्या होत्या. दरवर्षीच्या वेळेला नाही, अशाच अध्येमध्ये. एका नावापुढे कारण होतं, ‘विश्रांतीसाठी’.

बातमी हातची गेली याचं काही नाही. पुसलं याचं वाटतंय. ‘बाय, छापू नको’ एवढं म्हणाले असते तर मी छापलं असतं का? आजवर त्यांचं कुठलं बोलणं बाहेर गेलंय? आईच्या वेळी पवित्र तेल घेऊन रात्री धावत आले होते, तेव्हा मी पत्रकार नव्हते. असो.

‘ऑफ द रेकॉर्ड’ हे बोलण्याआधी ठरतं, दोघांनी मिळून. सांगून झाल्यावर ‘हे लिहू नको हं’ म्हणणं ही नुसती विनंती. आणि मेसेज पुसणं ही तर विनंतीसुद्धा नाही. मग मी बांधील आहे की नाही?

त्यात ती ‘विश्रांती’. अमेरिकेतल्या बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्रानं 2002 च्या जानेवारीत धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं आणि चर्चनं ते दडवल्याचं प्रकरण छापायला घेतलं, त्याआधी त्यांचे वार्ताहर धर्मप्रांताच्या जुन्या डिरेक्टऱ्या उघडून बसले होते. कुणाच्या नावापुढे ‘आजारपणाची रजा’ लागलीय, कुणाची नेमणूक ‘व्हायची आहे’, सगळं तक्त्यात भरत गेले. आरोप असलेले फादर अशाच शेऱ्यांआड लपवलेले होते. छापील पुस्तकंच ती, कुणीही उघडावीत अशी. ते वाचल्यापासून असं कारण दिसलं की माझी नजर अडते. मागोमाग लाजही वाटते. माणसाची बायपास झाली असेल, आपण कुठल्या कुठे पोचतो!

फादरांना कन्फेशनमध्ये जे कळतं त्यावर कॅथलिक चर्चच्या धर्मनियम 983 चा पहारा आहे, ते कुणापुढे उघड करायचंच नाही. आमच्याकडे काय? 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यानं कौन्सिल आम्हाला सूत्राचं नाव सांगायला भाग पाडू शकत नाही, एवढंच. कोर्टाला ते लागू नाही. म्हणजे शेवटी माझ्याकडे द्यायला असतो तो फक्त शब्द. आणि तोच त्यांनी मागितला नाही. मागावासा वाटला नाही? की मागायची गरजच वाटली नाही? दुसरं असेल तर मी उगाच रुसून बसलेय.

संध्याकाळी दारात मासळीवाली आली. बोंबील मोजता मोजता म्हणाली, “नवे फादर छान गातात म्हणे.” रात्री जेवायच्या आत तीच यादी वहिनीच्या कॉयर ग्रुपवर, खाली हात जोडलेले अठरा इमोजी. या ग्रुपवर फादरही आहेत. चष्मा कपाळावर ठेवून टाइप करतात. मागे अल्तारच्या फुलांचा हिशेबही मलाच आला होता, तोही पुसलेला. म्हणजे दुपारभर मी ज्याला विश्वास आणि अविश्वास म्हणत होते तो बहुधा त्यांचा अंगठा होता.

यादी गावभर झाली, तेव्हा बांधिलकीचा प्रश्न मिटला. ‘विश्रांती’चा नाही. तो उद्या धर्मप्रांताच्या कचेरीत चान्सलरना लेखी विचारायचा: कारण काय, कधीपासून, पुढची नेमणूक कुठे. फादरांचं नाव कुठेच येणार नाही. “बाय, तुला कुणी सांगितलं?” असं त्यांनीच विचारलं, तर सांगेन, मासळीवालीनं.