‘फुगीर’ आणि ‘फुगलेला’ : उपयोगवाक्यांच्या संग्रहातील नवी उकल आणि नवा पेच

जवळच्या अर्थांच्या शब्दांमधला फरक दाखवणारी उपयोगवाक्ये, म्हणजे शब्द कसा वापरतात हे दाखवणारी नमुन्याची वाक्ये, मी छंद म्हणून जमवतो आणि शब्दवार नोंदी करतो. त्यांपैकी ‘फुगलेला’ आणि ‘फुगीर’ यांच्यामधली सीमारेषा कोठे आखावी, हा मागील नोंदीत अनिर्णीत ठेवलेला प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. मात्र जो भाग सर्वांत सोपा वाटत होता, त्यातूनच नवा पेच उभा राहिल्यामुळे ‘सुजलेला’ची नोंद बाजूला ठेवून हा वृत्तान्त आधी लिहीत आहे.

उकल झाली ती ‘टम्म’ या शब्दामुळे. ज्या दाखल्यांत ‘टम्म’ आहे ते सारे एकत्र लावून पाहिले, तेव्हा त्यांत सर्वत्र ‘फुगलेला’ किंवा त्याचीच रूपे आढळली; ‘टम्म फुगीर’ असे एकही वाक्य हाती लागले नाही, आणि ते मोठ्याने म्हणून पाहिले तरी कानाला खटकते. उलट ‘किंचित’, ‘थोडा’, ‘मध्यभागी’ हे शब्द ‘फुगीर’च्या शेजारी सहज बसतात. ‘पखवाजाचे खोड मध्यभागी फुगीर असते’ हे वाक्य निर्दोष आहे. तेथे ‘फुगलेले’ म्हटले, तर लाकूड ओल लागून बिघडले असा अर्थ होतो. कढईतून काढलेली टम्म फुगलेली पुरी थोड्या वेळात बसते, पखवाज बसत नाही. म्हणजे ‘फुगलेला’ घडून आलेला बदल सांगतो आणि ‘फुगीर’ मूळची घडण सांगतो, असा नियम मी तात्पुरता मांडला आहे.

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकी वाक्यानेही या नियमाला बळ दिले. पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर आणि ध्रुवांजवळ चपटी आहे, असे आपण शाळेपासून वाचतो. विषुववृत्तीय व्यास सुमारे 12,756 किलोमीटर आणि ध्रुवीय व्यास सुमारे 12,714 किलोमीटर आहे. हा फुगवटा परिवलनामुळे आलेला असला, तरी त्याआधीची पृथ्वी कोणाच्या डोळ्यांसमोर नाही, म्हणून ‘फुगलेली पृथ्वी’ असे कोणी लिहीत नाही.

‘फुगलेला’च्या बाजूची वाक्ये मात्र सगळी आधीची स्थिती गृहीत धरतात. ‘पावसाने फुगलेले दार रंधा मारल्याशिवाय चौकटीत बसेना’ हे वाक्य मी ठेवले आहे, कारण त्यात कारण, परिणाम आणि उपाय तिन्ही आले आहेत. जनावरांच्या पोटफुगीचे वाक्य याहून मोलाचे वाटते: ‘कोवळा लसूणघास भरपूर खाल्लेल्या गाईची डावी भकाळी फुगलेली दिसली आणि तिच्यावर बोटांनी टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज आला.’ भकाळी म्हणजे बरगड्यांमागची कूस; रवंथ करणाऱ्या जनावराचे मोठे पोट डाव्या अंगाला असल्यामुळे वायू साठला की तीच बाजू आधी वर येते. ‘डावी’ हा शब्द काढला, तर वाक्य शुद्ध राहील, पण नेमके राहणार नाही. उपयोगवाक्यात इतकी नेमकी माहिती असावी की वाचणाऱ्याला वस्तू डोळ्यांसमोर दिसावी, या मताचा मी आहे, आणि ‘राम फुगलेला आहे’ छापाची वाक्ये कोशांतून कायमची जावीत असे मला मनापासून वाटते.

नदीचे वाक्य कोल्हापूरचे घेतले आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, त्यामुळे ‘फुगलेली पंचगंगा 39 फुटांवर गेली’ या वाक्याला तेथे वजन आहे. ‘फुगीर पंचगंगा’ मात्र अशक्य. धरणाच्या मागे पसरणारा ‘फुगवटा’ हे नाम असल्याने त्याची नोंद स्वतंत्र करीन.

आता पेच. वृत्तपत्रांत ‘फुगीर आकडेवारी’ आणि ‘फुगीर अंदाजपत्रक’ हे प्रयोग सर्रास आढळतात. आकड्याला मूळची घडण कुठली? वरचा नियम खरा असेल, तर येथे ‘फुगलेली’ किंवा ‘फुगवलेली’च यायला हवे. बराच काळ मी असे उत्तर धरून होतो की अंदाजपत्रकाचा आकडा पहिल्या दिवसापासूनच जास्त लिहिलेला असतो, त्याला आधीची लहान स्थिती नसते, म्हणून तो ‘फुगीर’. आणि प्रकल्पाचा खर्च वर्षानुवर्षे वाढत जातो, म्हणून तो ‘फुगलेला’. विदर्भातील गोसीखुर्द धरण प्रकल्पाचा मूळ अंदाज 372 कोटींचा होता आणि पुढे तो 18 हजार कोटींच्या वर गेला. हा निःसंशय ‘फुगलेला खर्च’ आहे, त्याला ‘फुगीर’ म्हणता येणार नाही. ‘फुगवलेला’चे घर तर ठरलेलेच आहे: ‘फुगवणे’ हे प्रयोजक असल्यामुळे ‘फुगवलेले बिल’ म्हणताच फुगवणारा कोणीतरी आहे, असा आरोप वाक्यात येतो, जो ‘फुगलेले बिल’ यात नाही.

हा परिच्छेद लिहीत असतानाच विरुद्धार्थी शब्दांची कसोटी सुचली, आणि ती या उत्तराला पुरती मानवत नाही. फुगीर पृष्ठभागाच्या उलट चपटा, फुगीर नाकाच्या उलट बसके, फुगलेल्या नदीच्या उलट ओसरलेली. पण फुगीर अंदाजपत्रकाच्या उलट ‘चपटे’ अंदाजपत्रक नसते, ‘वास्तव’ अंदाजपत्रक असते. म्हणजे तेथे आकाराचे वर्णन उरलेलेच नाही. रास्त प्रमाणाहून जास्त आहे, असा निवाडा त्या शब्दात आहे. तेव्हा ‘फुगीर’खाली एकच अर्थ ताणण्याऐवजी दुसरा अर्थ स्वतंत्र क्रमांकाने द्यायचा, असे आता ठरवतो, आणि ‘भरमसाट’, ‘अवाच्या सवा’ या शब्दांशी त्याची तुलना तेथेच करीन. व्याकरणाची टीप दोन्ही अर्थांना समान राहील: ‘फुगीर’ अविकारी, म्हणून ‘फुगीर गालांचा’; ‘फुगलेला’ विकारी, म्हणून ‘फुगलेल्या गालांचा’.

साधनांविषयी थोडे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1857 ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश एकाच बैठकीत पाहता येतात, याहून मोठी सोय आपल्या छंदाला नाही. नियतकालिकांच्या जुन्या अंकांच्या प्रतिमांवरून अक्षरओळख करणारी साधने मात्र ‘फु’चा ‘कु’ करतात. म्हणून शोधताना ‘कुगीर’ आणि ‘कुगलेला’ हेही टाकून पाहावे, दाखले निघतात.

पैशांच्या अर्थाने ‘फुगीर’ छापील मराठीत केव्हापासून येऊ लागले, हे आता पाहायचे आहे. स्वातंत्र्यपूर्व काळातील नियतकालिकांतला असा दाखला कोणाच्या संग्रहात असेल, तर अंकाची तारीख आणि पूर्ण वाक्य कळवावे; वाक्य तुटक असेल तर त्या अर्थाखाली मला ते लावता येणार नाही.