माझा अनुभव: फॉर्ममध्ये नसलेली तारीख

टंगस्टन धातूत ड्युटेरियम (जड हायड्रोजन) किती अडकून राहतं हे मोजायचं काम आत्ता कुठे संपलं, आणि त्यातले चार महिने एका रकान्यापायी गेले म्हणून हे लिहितेय. पॉलिश, व्हॅक्यूममध्ये तापवून जुना हायड्रोजन काढणं, ड्युटेरियमचे आयन (विद्युतभारित अणू) मारून आत घुसवणं म्हणजे इम्प्लांटेशन, सगळं सुरळीत झालं. अडलं शेवटी, थर्मल डिसॉर्प्शनला, म्हणजे सॅम्पल हळूहळू तापवायचं आणि कुठल्या तापमानाला किती गॅस सुटतो ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघायचं.

त्या मशीनला कायम रांग. फॉर्मवर धातू, जाडी, आयनची एनर्जी, डोस, हीटिंग रेट सगळं विचारतात, नंबर कधी लागेल ते मात्र कोणी सांगत नाही. माझी सहा सॅम्पल एकाच दिवशी इम्प्लांट केलेली, दोन लगेच लागली, बाकीची सात आठवडे ड्रॉवरमध्ये पडून. आणि रिझल्ट जुळेचनात! पहिल्या दोघांत खालच्या तापमानाचा पीक (गॅसच्या आलेखातला उंचवटा) चांगला उंच, बाकी चौघांत तो बसलेला, वरच्या तापमानाचा पीक मात्र सहाही जणांत जवळपास सारखा. मी पॉलिशवर संशय घेतला, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पुन्हा वेल्ड करून घेतला, धातूची बॅच बदलली, दर वेळी परत फॉर्म परत रांग, आणि त्या रांगेत नवीन सॅम्पलमधूनही ड्युटेरियम निघून जात होतं हे डोक्यातच आलं नाही.

शेवटी एका रात्री कागदावर हिशोब केला. टंगस्टनमध्ये ड्युटेरियम सहज विरघळत नाही, पण धातूच्या अणूंच्या जाळीत दोष दिसला की तिथे अडकून बसतं, त्या जागेला ट्रॅप म्हणतात. डिस्लोकेशनसारखा (अणूंची ओळ सरकलेली जागा) उथळ ट्रॅप सोडायला साधारण ०.८५ इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी लागते, व्हेकन्सी (अणू नसलेली रिकामी जागा) सोडायला १.४ च्या आसपास. सेकंदाला १०^१३ कंपनं धरली तर ३०० केल्विनला उथळ ट्रॅपमधला अणू २० सेकंदांत सुटतो आणि व्हेकन्सीतला जवळपास हजार वर्षांनी! सुटलेला अणू वाटेत पुन्हा अडकतो म्हणून प्रत्यक्षात गळती बरीच हळू होते, पण सात आठवड्यांत ती खालच्या पीकमध्ये दिसणारच. म्हणजे मी धातूतला फरक शोधत होते आणि मोजत होते रांगेची लांबी.

म्हणून इम्प्लांटेशनची तारीख आणि वेळ फॉर्मवर रकाना नसला तरी मार्जिनमध्ये लिहा, आणि सगळी सॅम्पल तितकेच दिवस थांबवून मग मोजा. हे केल्यावर माझे सहाही कर्व्ह एकावर एक बसले, त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं.

आयनची एनर्जी निवडताना पण बघा. टंगस्टनचा अणू जागेवरून उडवायला सुमारे ९० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि ड्युटेरियम इतकं हलकं की धडकेत स्वतःच्या एनर्जीच्या फार तर ४ टक्के देऊ शकतं, म्हणजे साधारण २ हजारांच्या खाली ते स्वतः व्हेकन्सी पाडत नाही. माझे आयन ५ हजारांचे होते, म्हणून तर व्हेकन्सीचा, म्हणजे वरचा पीक एवढा भक्कम.

आणि हो, स्पेक्ट्रोमीटरवर मास ४ (ड्युटेरियमची जोडी) सोबत मास ३ पण नोंदवा. चेंबरमधल्या साध्या हायड्रोजनशी जोडी जमवून बरंच ड्युटेरियम ३ वर बाहेर पडतं. माझ्या पहिल्या दोन रनना ३ लावलाच नव्हता, ते आकडे आता कमीच राहणार.