कुठली घेऊ?

लॅपटॉपवर व्हिडिओ एडिट करणाऱ्या कुणालाही विचारून बघा, एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह कुठली घेऊ? उत्तर ठाम मिळतं, फक्त माणसागणिक वेगळं मिळतं. एक जण एका कंपनीची शपथ घेतो. त्याच कंपनीचं नाव काढलं की दुसरा कपाळाला हात लावतो. जरा खोदून विचारलं की कळतं, पहिल्याच्या दोन ड्राइव्ह अजून चालू आहेत आणि दुसऱ्याची एक ऐन डिलिव्हरीच्या आदल्या रात्री गेली. म्हणजे अवघ्या तीन डब्यांच्या जिवावर ही दोन ठाम मतं.

खरा हिशेब असतो तो हजारोंनी ड्राइव्ह चालवणाऱ्यांकडे. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या किती ड्राइव्ह बंद पडल्या याचे आकडे जाहीर करते. सगळ्यांची सरासरी काढली तर वर्षाला शंभरातल्या एक-दोन जातात. त्यातही एकाच कंपनीचं एक मॉडेल ठणठणीत आणि दुसरं पटापट माना टाकणारं, असं दिसतं. तेव्हा नुसत्या कंपनीच्या नावावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय त्या ड्राइव्ह थंडगार डेटा सेंटरमध्ये एका जागी बसून असतात. आपली ड्राइव्ह पाठीवरच्या बॅगेत, पाण्याच्या बाटलीला टेकून फिरते.

बरं, जाण्याआधी ती काही सांगेल म्हणावं, तर तेही नाही. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी लाखाहून जास्त ड्राइव्ह तपासल्या. प्रत्येक ड्राइव्ह आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त ड्राइव्हच्या नोंदीत धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. काल कॉपी झाली, आज दिसतच नाही, असा सगळा मामला.

हे वाचल्यापासून भरवशाची ड्राइव्ह शोधण्याचा नाद मी सोडला. आता नवी घेताना मी एवढंच विचारते, ही या क्षणी गेली तर माझं काय जाईल? उत्तर ‘दोन तासांची मेहनत’ असेल, तर ती वेगवान असली की पुरे. उत्तर ‘सगळं मूळ फुटेज’ असेल, तर जगातली कुठलीच एक ड्राइव्ह त्याला पुरी पडणार नाही.

एडिटिंगच्या ड्राइव्हला नेमकं काय करावं लागतं, हे एकदा पाहण्यासारखं आहे. फोर-के चित्रीकरण करणारा साधा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तासाभराच्या फुटेजला ४५ गिगाबाइट. खिशात मावणारी फिरत्या तबकडीची ड्राइव्ह सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट सहज वाचते. कागदावर बघितलं तर चार कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम चालवलं तरी पन्नासच लागतात, निम्मी ताकद शिल्लक.

प्रत्यक्षात घोडं भलतीकडेच अडतं. चार कॅमेऱ्यांच्या चार फाइली तबकडीवर चार ठिकाणी असतात आणि वाचणारं डोकं एकच. ते एका फाइलवरून दुसरीवर उडी मारतं आणि दर उडीला दहा-बारा मिलीसेकंद खातं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला येतात ४० मिलीसेकंद. सॉफ्टवेअर पुढचं थोडं आगाऊ वाचून ठेवतं म्हणून काही वेळ निभावतं. पण टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेल्या पट्टीवर, कर्सर धरून तुम्ही मागेपुढे ओढू लागलात की ती आगाऊ वाचलेली शिदोरी फुकट जाते. ड्राइव्हवर हात ठेवून पाहा. एरवी नुसती एकसारखी घरघर असते, आता बोटांखाली बारीक टकटक लागते. पडद्यावरचं चित्र थिजतं, आवाज पुढे निघून जातो आणि आपण उगाच लॅपटॉपच्या प्रोसेसरला शिव्या घालतो.

त्यात ड्राइव्ह भरत आली असेल तर आणखी मंद होते. तबकडी बाहेरच्या कडेकडून आत भरत जाते. आतली वर्तुळं लहान, एका फेरीत कमी मजकूर डोक्याखालून जातो, त्यामुळे शेवटच्या भागात वेग जवळपास निम्म्यावर येतो. नवी असताना छान चालणारी ड्राइव्ह ‘म्हातारी झाली’ असं लोक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ती नुसती भरलेली असते.

फिरत्या ड्राइव्हमध्ये आणखी एक भानगड आहे, ती डबीवर ठळकपणे क्वचितच छापलेली असते. थोड्या जागेत जास्त मावावं म्हणून काही ड्राइव्हमध्ये माहितीचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. नवं छप्पर घालताना काही अडचण नाही. मधलंच एक कौल बदलायचं झालं की शेजारची उचलावी लागतात, परत बसवावी लागतात. याला एसएमआर म्हणतात. मोठ्या क्षमतेच्या बहुतेक छोट्या पोर्टेबल ड्राइव्ह आज याच जातीच्या आहेत. झालेलं काम एकदा लिहून कपाटात ठेवायचं तर उत्तम. पण रोज रेंडर करायचं, म्हणजे जोडलेल्या कामाची फाइल बनवायची, पुसायचं, पुन्हा लिहायचं, अशा कामात मध्येच वेग इतका पडतो की ड्राइव्ह बिघडली की काय, अशी शंका यावी.

म्हणून चालू काम एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती ठेवणाऱ्या ड्राइव्हवर. तिच्यात फिरणारं काही नाही, डोकं नाही, उड्या नाहीत. बॅगेतले धक्केही ती मुकाट्याने सोसते. खोक्यावर मात्र सेकंदाला हजार मेगाबाइट लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा सुरुवातीपुरतंच खरं असतं. स्वस्त एसएसडीत लिहिण्यासाठी थोडी वेगवान जागा राखीव असते. ती भरेपर्यंत पळापळ, भरली की धाप. दहा गिगाबाइट कॉपी करून खूश होणाऱ्याला हे कधीच कळत नाही. दोनशे-तीनशे गिगाबाइटचं कार्ड रिकामं करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. परीक्षण वाचताना मी आता सर्वोच्च वेगाचा आकडा वाचतच नाही. सलग लिहीत राहिल्यावर वेग कुठे येऊन टेकतो, तेवढं बघते.

आणि मग केबल! ड्राइव्ह निवडायला चार रात्री जागणारा माणूस ती जोडतो टेबलावर पडलेल्या फोनच्या चार्जिंगच्या केबलने. यूएसबी-सी हा नुसता टोकाचा आकार आहे, वेगाची हमी नव्हे. चार्जिंगच्या पुष्कळशा केबली आतून यूएसबी २.० च असतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइट. पाचशे गिगाबाइट फुटेज हजारच्या वेगाने आठ-नऊ मिनिटांत उतरलं असतं, ते या केबलने साडेतीन तास घेतं. यूएसबीच्या नावांचा घोळ तर विचारूच नका. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चं पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं, आणि वेग तोच, पाच गिगाबिट. बारसं तीनदा, बाळ एकच. लॅपटॉपचं पोर्ट, केबल आणि ड्राइव्ह या तिघांत जो सर्वांत मंद, त्याच्या चालीने सगळी वरात चालते. ड्राइव्हसोबत आलेली आखूड केबल मी रंगीत चिकटपट्टी लावून वेगळी ठेवते. तरी ती घरात कुणाच्या तरी फोनला लटकलेली सापडतेच.

पोर्ट हाही दुखरा कोपरा. मांडीवर लॅपटॉप, ड्राइव्ह सोफ्याच्या हातावर, जरा कूस बदलली की केबल हलते आणि टाइमलाइनवर लालभडक ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे फाइल सापडत नाही. काही छोट्या ड्राइव्हमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट आतल्या ड्राइव्हच्याच बोर्डवर असतं. ते ढिलं झालं तर डबी उघडून आतली ड्राइव्ह दुसऱ्या केसमध्ये घालायचीही सोय नाही. वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहावं तर ती नवी ड्राइव्ह देते, कोरी करकरीत. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून आपण ड्राइव्ह एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करतो. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर सावरण्याची जी सोय मॅकच्या एपीएफएस किंवा विंडोजच्या एनटीएफएसमध्ये असते, ती एक्सफॅटमध्ये नाही. दोन्ही यंत्रांवर खरोखर काम करत नसाल तर एक्सफॅटच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम एडिटरांना तोंडपाठ असतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. तोंडपाठ असतो, पाळला जातोच असं नाही. माझी मांडणी साधी आहे. चालू काम एसएसडीवर, मूळ फुटेजच्या प्रती दोन कंटाळवाण्या, मंद, मोठ्या तबकडीवाल्या ड्राइव्हवर. त्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एका खेपेतला दोष दोघींत नको. त्यातली एक घराबाहेर. प्रोजेक्टची फाइल, म्हणजे कापाकापीची नुसती नोंद, जेमतेम काही मेगाबाइटची असते, ती रोज ऑनलाइनही जाते. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, तिच्यातला विद्युतभार हळूहळू उतरू शकतो. जुन्या कामाला तबकडीच बरी.

मात्र कपाटातल्या ड्राइव्हही अधूनमधून जोडाव्या लागतात. नुसत्या फाइली दिसल्या म्हणजे झालं नाही, चार क्लिप चालवून बघायच्या. काम पाच मिनिटांचं, जातो तास. त्या वेळी निर्दयपणे कापून टाकलेला एखादा शॉट आता एकदम सुरेख वाटू लागतो, प्रोजेक्ट पुन्हा उघडावासा वाटतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, ही फाइल जुन्या आवृत्तीत केलेली आहे, आधी बदलून घ्या.