पसरणी घाटात बंद पडणारी गाडी

आमचं गॅरेज वाईत आहे, त्यामुळे घाटात दमलेल्या गाड्या रोजच्याच. उन्हाळ्यात उकळलेले रेडिएटर, जळक्या वासाच्या क्लचप्लेटा, उतरताना तापलेले ब्रेक, बहुतेकांचं कारण गाडी आत येतानाच कळतं. गुरुजींच्या गाडीनं मात्र मला तीन आठवडे झोपू दिलं नाही.

गुरुजी निवृत्त शिक्षक, पाचगणीला राहणारे. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, एका हाताची, जपून वापरलेली. तक्रार एकच: पसरणी घाट चढताना चालती गाडी अचानक बंद पडते, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलं, इंजिन थंड झालं, की काहीच झालं नाही अशी चालू होते. सपाटीला, वाईच्या बाजारात, उतारावर, कुठेही त्रास नाही. दोन गॅरेज आधीच झाली होती. एकानं टाकीतला पेट्रोल पंप आणि फिल्टर बदलला होता, दुसऱ्यानं प्लग आणि कॉइल. दोघांनीही बॅटरीची वायर काढलेली, त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा जुना कोड शिल्लक असलाच तर पुसला गेला होता.

शेवटच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा शेजारी बाई बसल्या होत्या आणि मागून महाबळेश्वरची एस.टी. चढत होती. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच ब्रेक हलका लागतो, पुढे सगळा जोर पायाचा. गुरुजींनी हँडब्रेक ओढला म्हणून गाडी मागे गेली नाही. हे सांगताना त्यांचा हात थरथरत होता. पार्ट बदलून बघू असं म्हणायची ही गाडी नव्हती.

आणि तरीही मी तेच केलं. ‘तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू’ हे ऐकलं की आमच्या धंद्यात पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो. इंजिन किती फिरतंय, पिस्टन कुठे आहे, हे कॉम्प्युटरला तो सांगतो. त्याचा सिग्नल गेला की ठिणगीही जाते आणि पेट्रोल सोडणारे इंजेक्टरही थांबतात. त्याच्या आतलं वेटोळं जुनं झालं की गरम झाल्यावर तुटतं, गार झालं की जुळतं. असे डझनभर सेन्सर मी बदललेत. हाही बदलला, घाटात एक फेरी मारली, गाडी ठणठणीत. पाचव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. त्याच घाटात, तशीच बंद.

दुसऱ्या दिवशी दुकान पोऱ्यावर सोपवलं आणि गुरुजींनाच गाडी चालवायला सांगून मी शेजारी बसलो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, वेग आणि इंजिनचं तापमान असे तीनच आकडे समोर ठेवले. पसरणी गाव सोडलं, डावी-उजवी वळणं सुरू झाली, खाली धोमचं पाणी दिसायला लागलं. एका चढाच्या वळणावर गुरुजींनी तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं हिसका दिला. गुरुजींनी सवयीनं क्लच दाबला. इंजिन मेलं.

गाडी कडेला घेतली. ते घड्याळ बघायला लागले. मी म्हणालो, “गुरुजी, लगेच सेल्फ मारा.”

“नाही चालू होणार बाबा, गार व्हायला लागते.”

“मारून तर बघा.”

पहिल्याच सेल्फला चालू झाली. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. पहिल्या मेकॅनिकनं त्यांना सांगितलं होतं, ‘तापते, थोडी गार होऊ द्या’, म्हणून ते प्रत्येक वेळी इमानदारीनं पंधरा मिनिटं थांबत होते. ती पंधरा मिनिटं गाडीला कधी लागलीच नव्हती. मी मात्र तेवढ्यावर निदान केलं होतं.

रस्ता मोकळा होता. त्यांना सांगितलं, आता हिसका बसला तर क्लच दाबू नका, पाय ब्रेकपाशी ठेवा. दोन वळणांनंतर पुन्हा हिसका. आरपीएमचा काटा धपकन शून्यावर. वेग मात्र 28. पुढच्या क्षणी दणका देऊन इंजिननं स्वतःहून उचल घेतली.

मला हवं होतं ते सगळं त्या एका क्षणात होतं. गाडी गिअरमध्ये, क्लच सोडलेला, म्हणजे चाकं इंजिनला फिरवतच होती. फिरणाऱ्या इंजिनचा आरपीएम शून्य असूच शकत नाही. पेट्रोल कमी पडलं असतं तर काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. कॉम्प्युटरचा करंट गेला असता तर स्कॅनरचा संपर्कच तुटला असता, पण तो तापमान 92 दाखवत होता. म्हणजे गेला तो फक्त क्रँकचा सिग्नल. आणि अर्ध्या सेकंदात परत आला, एवढ्यात कुठलाही सेन्सर गार होत नाही. ओढ पडली की जातो, ओढ सुटली की येतो. ओढीनं इंजिनमध्ये काय बदलतं? इंजिन झुकतं.

गॅरेजला येऊन बॉनेट उघडलं. समोर कुणी उभं राहायचं नाही, चाकांना लाकडी गुटके, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून पोऱ्यानं पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर जरा रेस दिली. मी बाजूनं टॉर्च मारत होतो. इंजिन एवढं कलंडलं की मी दचकलो. गिअरबॉक्सकडच्या खालच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिनला धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर पार फाटलं होतं. आणि क्रँक सेन्सरची वायर तारेसारखी ताणली गेली. दुसऱ्या वेळेला गाडी आमच्यासमोरच बंद पडली.

दोन वर्षांपूर्वी बाहेर कुठे तरी क्लचप्लेट बदलली होती. गिअरबॉक्स परत चढवताना ही वायर ब्रॅकेटच्या मागून न नेता पुढून नेली होती आणि तिची क्लिप लावलीच नव्हती. फाउंडेशन धड होतं तोवर निभावलं. कप्लरच्या, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लगच्या, मागे बोटभर अंतरावर वरचं प्लास्टिक अखंड, आत तांब्याची तार तुटलेली. मल्टिमीटर लावला तर बीप वाजत होता. वायर जरा ओढली की बंद, सोडली की सुरू. मी ती किमान दहा वेळा ओढून बघितली असेल.

तेवढा तुकडा कापून नवीन कप्लर डाख देऊन जोडला, वर स्लीव्ह चढवली, वायर तिच्या खऱ्या वाटेनं नेली, क्लिप लावली, फाउंडेशन नवीन टाकलं. सेन्सरचे पैसे गुरुजींना परत दिले. ते घेत नव्हते. म्हणालो, जुना सेन्सर चांगला होता, तो डिकीत ठेवलाय, कधी लागला तर वापरू.

संध्याकाळी त्यांचा फोन आला, पाचगणीच्या स्टँडवरून. “पोचलो. क्लच फक्त गिअर बदलायला दाबला.”