गुलबक्षीचा संकर: फुलं गुलाबी आली, पानं मात्र आईचीच

गौरी-गणपतीच्या सुमारास गच्चीवरच्या संकरित रोपांना फुलं आली आणि ती सगळी गुलाबी निघाली. मी याच खुणेची वाट बघत होतो.

जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या बागेतून आणलेली चितकबऱ्या पानांची, लाल फुलांची गुलबक्षी माझ्याकडे आहे. तिच्या काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही अगदी पांढुरक्या, तर काही दोन्हींचं मिश्रण. पानांचा हा रंग फक्त आईकडून येतो, असे अशाच गुलबक्षीवरचे निष्कर्ष जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये मांडले होते. ते मला स्वतःच्या कुंडीत बघायचे होते. जोडीदार म्हणून साध्या हिरव्या पानांची, पांढऱ्या फुलांची झाडं घेतली.

गुलबक्षी संध्याकाळी उमलते. त्यामुळे दुपारच्या उन्हातच कळी उकलून पाचही परागकोश चिमट्यानं काढायचे, उमलायच्या वेळी हवे ते पराग कुक्षीला लावायचे आणि वर मलमलीची पिशवी बांधायची. एका फुलाला एकच बी, म्हणून काम चिकाटीचं आहे. कुठला संकर कुठला हे कळावं म्हणून मी टॉवेलच्या मागावरचं रंगीत सूत देठाला बांधतो. ते पावसात टिकतं, शाईसारखं धुऊन जात नाही.

पांढुरक्या फांदीवर धरलेल्या बियांची रोपं पांढरीच उगवली आणि बियांमधलं अन्न संपताच गेली. हिरव्या फांदीची हिरवी आली. खरी कसोटी उलट्या संकराची होती: आई हिरव्या पानांची, पांढऱ्या फुलांची आणि पराग पांढुरक्या फांदीवरच्या लाल फुलाचे. रोपं सगळी हिरवी उगवली. फुलं गुलाबी, म्हणजे बापाची जनुकं नक्की पोचली होती. पानांवर मात्र त्याचा मागमूस नाही.

कारण पानाचा हा दोष केंद्रकातल्या गुणसूत्रांत नसतो, हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत असतो, आणि हरितलवकं बीजांडातून येतात. त्यांचा पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत मुक्कामाला आलेला नीलहरित जीवाणू. त्याची हजारो जनुकं होती. त्यातली बहुतेक नाहीशी झाली किंवा केंद्रकात स्थलांतरित झाली. आज हरितलवकात प्रथिनं बनवणारी जेमतेम ऐंशीच्या आसपास जनुकं उरली आहेत. मला सगळ्यात थक्क करतं ते रुबिस्को. हवेतला कार्बन पकडणाऱ्या या विकराचा मोठा भाग हरितलवकातल्या जनुकावरून बनतो, तर लहान भाग केंद्रकातल्या जनुकांवरून. म्हणजे माझ्या गुलाबी फुलांच्या रोपांत मोठा भाग फक्त आईकडचा आणि लहान भाग दोघांकडचा, तरीही दोन्ही बिनचूक जुळतात!

चितकबऱ्या फांदीवरचं बी वेगळं ठेवलंय. त्यातून हिरवी, पांढरी आणि चितकबरी, तिन्ही प्रकारची रोपं यायला हवीत. गुलाबी रोपांचं स्वपरागित बीही धरतोय. पुढच्या पावसाळ्यात लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ या प्रमाणात येतात का, ते मोजायचं आहे. त्यासाठी कुंड्या कमी पडतील, म्हणून शेजारच्या गच्चीवरही जागा मागून ठेवली आहे.