शांतीला काळा झगा

दुपारी जेवून आडवं पडल्या पडल्या मोबाइल चाळत होतो. तेवढ्यात 'एव्हरीमन' या जुन्या इंग्रजी नीतिनाटकाच्या (मृत्यू, सद्गुण, दुर्गुण असे सगळे पात्रं होऊन रंगमंचावर येतात, तसल्या नाटकाच्या) कुठल्याशा आधुनिक प्रयोगाचा फोटो दिसला. मृत्यू काळ्या सूटात, गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. पॉलिसी गळ्यात मारायला आलेला विमा एजंटच जणू. पंधराव्या शतकातलं नाटक आजच्या काळात आणायचं म्हटलं की मृत्यूला सूटच का शिवतात, देव जाणे.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला यम यायचा तो भाड्याच्या कपडेपटातून. काळा मखमली अंगरखा, काखेत उसवलेला. शिंगांचा मुकुट इतका सैल, की एका हाताने तो सावरत दुसऱ्या हाताने पाश फेकायचा. तरी पुढच्या सतरंजीवरची बालवाडी भोकाड पसरायची. सूटाला कोण घाबरतं?

त्या जुन्या इंग्रजांना कपड्यांची अक्कल होती. 'द कॅसल ऑफ पर्सिव्हरन्स' या तसल्याच नाटकाच्या हस्तलिखितात रंगमंचाचा नकाशा आहे आणि त्यावर चक्क वेशभूषेच्या सूचना. सैतान लढाईला निघेल तेव्हा त्याच्या हातांत, कानांत आणि (माफ करा, पण लिहिलंय तसंच) ढुंगणात नळ्या खोचून त्यांत बंदुकीची दारू पेटती ठेवावी! नटाला किती बिदागी मिळायची, ते मात्र लिहिलेलं नाही.

'मॅनकाइंड' या आणखी एका नीतिनाटकात तर कपडाच नाटक करतो. साध्या शेतकऱ्याचा पायघोळ झगा टवाळ मंडळी कापायला नेतात. आणून देतात तो आखूड, मग पुन्हा आणखी आखूड. माणूस बिघडत चालला, हे कात्रीच सांगते. त्या काळी लोक हसले असणार, कारण ढुंगण झाकणार नाही इतका तोकडा कोट सामान्यांनी घालू नये, असा कायदाच १४६३ साली इंग्लंडमध्ये झाला होता. आज तो प्रवेश करायचा तर कापणार काय? फाटकी जीन्स तर आपण दुकानातूनच फाडून आणतो. झग्यावर दर प्रवेशाला एकेक कंपनीचा शिक्का वाढवत न्यावा, असं मला वाटतं. पण मला विचारतंय कोण.

'कॅसल'च्या त्या नकाशावर देवाच्या चार लेकींच्या कपड्यांचे रंगही दिलेत. दया पांढऱ्यात, न्याय लाल, सत्य गडद हिरव्यात. आणि शांती? नखशिखान्त काळी. आजचा कुठलाही वेशभूषाकार तिला पांढरं नेसवून मोकळा होईल, वर हातात कबुतर देईल. मी असतो तर काळंच ठेवलं असतं. का, ते विचारू नका.