परभणीच्या उन्हातली जुनी पलटण : महिना तिसरा

मार्चअखेरीस आलेल्या खोक्यातल्या १७ मिनिएचरचा (टेबलावरच्या युद्धखेळातल्या, हातानं रंगवायच्या छोट्या बाहुल्या, थोडक्यात मिनी) आजचा हिशोब असा : ४ पूर्ण, ५ रंगाच्या टेबलावर, ६ जुना रंग सोलून-धुऊन ठेवलेल्या, १ ड्रॅगन अजून तुकड्यांत आणि १ गेली ती गेलीच. गेली तिच्याबद्दल आधी लिहितो, म्हणजे तुमची एखादी वाचेल.

खोकं पुण्यातल्या एका जुन्या खेळाडूचं. सगळ्यांवर ऑइल पेंटचे जाड थर होते, लोखंडी गेटला देतात तसला. त्यात एक सांगाड्याचा घोडेस्वार होता. हातात चांगला जड लागला म्हणून धातूचा समजलो आणि बाकी धातूच्या मिनीबरोबर अ‍ॅसिटोनच्या बरणीत सोडला. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर घोडा जागेवर, स्वार मात्र पाकातल्या गुळासारखा घोड्याच्या पाठीवरून ओघळलेला. घोडा धातूचा होता, स्वार प्लास्टिकचा, आणि दोघांमधला सांधा रंगाखाली पूर्ण झाकला गेला होता. पॉलिस्टायरीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं हे मला माहीत होतं. आता मिनीचा प्रत्येक तुकडा, अगदी ढालसुद्धा, खालच्या बाजूनं सुईनं खरवडून बघतो. चकाकी दिसली तर धातू. नाही दिसली तर अ‍ॅसिटोन लांबच.

प्लास्टिकला मी आता आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, ९९ टक्क्यांचं. अ‍ॅक्रिलिक रंग रात्रभरात सुटतो, ऑइल पेंट मात्र चिवट असतो, त्याला दोन-तीन वेळा बुडवून जुन्या टूथब्रशनं घासावं लागतं. डेटॉलनंही काम होतं. फक्त एक सांभाळा : रंग पूर्ण निघेपर्यंत पाणी लावू नका. सुटलेला रंग, डेटॉल आणि पाणी एकत्र आलं की चिकट डिंक होतो आणि तो चेहऱ्याच्या बारकाव्यात जाऊन बसतो. आधी डेटॉलमध्येच घासायचं, मग साबण, मग पाणी. आणि अल्कोहोल असो की अ‍ॅसिटोन, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याची वाफ झपाट्यानं होते. बरणी घट्ट झाकणाची हवी, सावलीत हवी आणि गॅसच्या शेगडीपासून लांब हवी. माझी गच्चीच्या जिन्याखाली असते.

सोलल्यावर एका बुटक्या योद्ध्याच्या पायाखालच्या पट्टीवर बारीक अक्षरं निघाली : सिटाडेल, १९८६. सिटाडेल म्हणजे मिनी बनवणारी ब्रिटिश कंपनी. ही पट्टी बेसच्या, म्हणजे मिनी उभी राहते त्या चकतीच्या, खाचेत बसते, त्यामुळे एरवी दिसत नाही. भिंगातून ते आकडे वाचताना मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. त्या काळातली मिनी म्हणजे शिसं आलंच. म्हणून घासताना कानस कोरडी चालवत नाही, ओली करूनच घासतो. खाली वर्तमानपत्र असतं, ते लगेच गुंडाळून टाकतो, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावत नाही. लहान मुलं घरात असतील तर हे जास्तच पाळा. दोन मिनींवर पांढरी भुकटीही धरली होती. लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या बंद पेटीत आम्लाची वाफ साठते आणि ती शिशाला खाते. ती भुकटी मास्क लावून, ओल्या ब्रशनं काढली. पूर्ण पलटण आता प्लास्टिकच्या डब्यात आहे.

याच बुटक्याचा कुऱ्हाडीचा हात कुणीतरी उलटा चिकटवला होता, भरपूर फेविक्विक ओतून. ओढून काढला असता तर मनगट तुटलं असतं. सुपर ग्लू गारठला की ठिसूळ होतो, म्हणून मिनी दोन पिशव्यांत बांधून, स्टीलच्या डबीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवली. आईनं विचारलंच, "फ्रीजमध्ये काय ठेवायलास रे?" शिसं आहे म्हटल्यावर तिनं डबीवर स्वतः लाल चिठ्ठी लावली आणि बर्फाचा ट्रे दुसरीकडं हलवला. तीन तासांनी डबी काढली, हात अंगठ्यानं जरासा पिळला आणि "टक्" करून सांधा सुटला. मनगट शाबूत. मग ०.८ मिलिमीटरच्या बिटनं दोन्हीकडं भोक पाडलं, जेम क्लिपच्या तारेचा तुकडा आत घातला आणि हात सरळ बसवला. हे बिट आणि हातानं फिरवायचं ड्रिल सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळालं. छंदाचं दुकान आपल्या गावात नाही म्हणून अडून बसू नका, सराफ्यात जा.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलोय ते. या छंदातलं बहुतेक मार्गदर्शन थंड, दमट देशांतल्या लोकांनी लिहिलंय आणि आपली हवा-पाणी त्याच्या अगदी उलट. लोक "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतात, पण प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, मारताना या दोन्हींत फार अंतर आहे. दुपारी स्प्रे मारला तर रंगाचा फवारा मिनीपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि अंगावर रव्यासारखा बसतो. पहिल्या तीन मिनी मी अशाच खरखरीत केल्या आणि पुन्हा सोलल्या. आता पहाटे साडेपाच-सहाला गच्चीवर जातो. वारा पडलेला असतो, मिनी रात्रीच्या गारव्यात निवलेल्या असतात. स्प्रेचा डबा सावलीत ठेवलेला असतो आणि अंतर वीतभर, त्याहून जास्त नाही. काहींनी हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड सुचवला होता. तो ग्रिलला चांगला. मिनीवर त्याचा थर इतका जाड बसतो की चिलखताच्या कड्या भरून जातात.

पाण्याचा घोळ कळायला मला दीड महिना लागला. चिलखतावर पातळ काळा वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पाणीदार रंग) दिला की वाळल्यावर खाचांच्या कडेला पांढुरकी रेघ उमटायची. आधी रंगाला दोष दिला, मग ब्रशला. शेवटी एका रात्री काळ्या टाइलच्या तुकड्यावर चार थेंब ठेवले : बोअरचं पाणी, टँकरचं, आरओचं आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. सकाळी बोअरच्या थेंबाच्या जागी चुन्याचं ठसठशीत वर्तुळ होतं, टँकरच्या जागी त्याहून जरा फिकं. आरओचा डाग टाइल तिरकी धरली तरच दिसत होता. बॅटरीच्या पाण्याचा थेंब कुठं होता ते खडूची खूण पाहूनच कळलं. रंग आणि ब्रश दोघंही निर्दोष होते. तेव्हापासून गॅरेजवाल्याकडून बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणतो. वॉश, रंग पातळ करणं, ब्रशचं शेवटचं धुणं, सगळं त्याच पाण्यात. ती पांढरी रेघ पुन्हा दिसली नाही. ज्यांच्याकडं बोअरचं पाणी आहे त्यांनी टाइलचा प्रयोग आजच करावा, एका रात्रीचं काम आहे.

रंग वाळू न देणाऱ्या ओल्या पॅलेटचंही तेच. टिफिनच्या झाकणात स्पंज आणि त्यावर बटर पेपर, ही रीत बरोबर आहे, पण मेमध्ये अर्ध्या तासात कागदाच्या कडा वळायला लागतात. मी रात्री दहानंतरच बसतो आणि रंगात सुईच्या टोकावर मावेल एवढं ग्लिसरीन मिसळतो. जास्त झालं तर रंग दिवसभर चिकट राहतो. कूलर समोर लावू नका. त्याच्या गवताचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात आणि चिमट्यानं काढताना रंग सोबत निघतो.

डोळे मला गणपतीच्या कारखान्यातल्या मामांनी शिकवले. तिथं आखणी सगळ्यात शेवटी होते, आपल्याला ती चेहऱ्याच्या रंगाआधी करावी लागते, कारण बाहेर गेलेला रंग नंतर कातडीच्या रंगानं झाकता येतो. पण हात कसा ठेवायचा हे तेच. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपर मांडीवर, अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं. मामा म्हणाले, "बुबुळ पापणीला चिकटलेलं पाहिजे. मधोमध ठेवलंस तर तो घाबरलेला दिसतो." बुटक्या योद्ध्याचा डोळा माझ्या मिनीत जेमतेम मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढा आहे. पांढऱ्याऐवजी सायीचा रंग भरला, वरच्या कडेला टेकवून काळा ठिपका दिला. सातव्या प्रयत्नात तो माझ्याकडं बघायला लागला.

बेससाठी शेतातली काळी माती आणली आहे. फेविकॉलचा पातळ हात देऊन त्यावर गाळलेल्या मातीचा चिखल थापला आणि उन्हात ठेवला. तासाभरात तिला तडे गेले, अगदी मे महिन्यातल्या रानासारखे, फक्त नखाएवढ्या जागेत. खूप पाणी घातलेल्या फेविकॉलनं वरून पक्की केली. जरा मोठ्या खडकासाठी बेसाल्टची खडी फोडून घेतली. चारही पूर्ण मिनी याच मातीवर उभ्या आहेत.

ड्रॅगनचा डावा पंख आज बसवला. धातूचा असल्यानं नुसत्या ग्लूवर टिकत नाही, म्हणून तारेचे दोन तुकडे आणि सांध्यात एम-सील. खवल्यांची नक्षी ओल्या सुईनं उचलली. पंख खाली झुकू नये म्हणून धड वाटीभर वाळूत पुरून ठेवलंय. उजव्या पंखाचं एक नख गायब आहे, ते उद्या तयार करायचंय. वार्निश मात्र पावसाची उघडीप मिळेल तेव्हाच, दमट हवेत ते पांढरं पडतं. सध्या आभाळ भरलंय आणि प्रायमरचा एक हात अजून बाकी आहे, म्हणून पहाटे पाचचा गजर लावलाय.